महजर, निवाडपत्र व न्यायालयाचें खुलें दप्तर

जुन्या कागदांच्या संग्राहकांस महजर परिचित आहे. वतनाचा तंटा असो, शिवेचा असो किंवा वडीलपणाचा मान कोणाचा याचा असो, निवाडा झाला म्हणजे त्याचा वृत्तान्त लिहून त्यावर जमलेल्या मंडळींच्या साक्षी व निशाण्या घालीत. हे कागद आपण बहुधा वंशावळीसाठीं, वतनाच्या इतिहासासाठीं किंवा भाषेसाठीं वाचतों. प्रस्तुत लेखांत त्यांचा विचार निराळ्या दृष्टीनें करावयाचा आहे. न्याय कसा झाला हें लोकांस कळावें यासाठीं आपल्याकडे कोणती व्यवस्था होती, आज संगणकाच्या द्वारें कोणती झाली आहे, आणि या दोहोंमध्यें इतिहासाच्या साधनांचें काय होतें, हा प्रश्न आहे. महाड-पोलादपूरचा मुलूख या विचारास विशेष सोयीचा आहे. कारण खुल्या न्यायदप्तराची किंमत दाखविणारा एक मोठा दावा याच भागांत उभा राहिला.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायावर विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणी राजधानींत. तींत व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत : वादीची भाषा, प्रतिवादीचें उत्तर, क्रिया म्हणजे प्रमाण दाखविणें, आणि साध्यसिद्धि. लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन मानुष प्रमाणें होत. तीं नसतील तेव्हां दिव्य. निर्णय झाल्यावर जिंकणाऱ्यास जयपत्र द्यावयाचें, आणि त्यांत नुसता निकाल न लिहितां वादीचें म्हणणें, प्रतिवादीचें उत्तर व प्रमाणांचा विचार हींही यावयाचीं. राजानें एकट्यानें न्याय करूं नये, सभासदांसह करावा, हेंही शास्त्राचें सांगणें आहे. म्हणजे निकालाबरोबर त्याचीं कारणें लेखांत असावींत आणि निर्णय सभेसमोर व्हावा, हीं दोन तत्त्वें आपणांस परकीयांकडून आलेलीं नाहींत.

मराठेशाहींतील व्यवहार याच धर्तीचा होता, फक्त शब्द पुष्कळसे फारसी आले. वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरा लिहून देत. निवाडा मान्य करूं म्हणून राजीनामे व जामीन घेत. मग गोतसभेंत किंवा मजालसींत चौकशी होई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार असे लोक बसत. शिवेच्या तंट्यांत महाराच्या साक्षीस मोठें वजन असे, कारण गांवची शीव त्याच्या पायांखालची. हरलेला येजितखत लिहून देई. जिंकलेल्याकडून शेरणी व हरलेल्याकडून गुन्हेगारी सरकारांत जाई. ज्यांस लिहितां येत नसे ते निशाणी करीत : कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, शिपाई माणसाची कट्यार. या निशाण्या शोभेच्या नव्हेत. तंटा पुन्हां उठला तर अमुक इतक्या माणसांसमोर तो तुटला होता हें सांगण्यास गांवचा गांव उभा राहावा, हा त्यांचा हेतु. त्या काळीं निवाडा टिकण्यासाठीं तो पुष्कळांस ठाऊक असणें अवश्य होतें.

परंतु या व्यवस्थेंत एक उणीव होती, आणि ती संशोधकांस पदोपदीं जाणवते. निवाडा सर्वांसमोर होई, पण त्याचा कागद जिंकणाऱ्याच्या घरीं जाई. हरलेल्याची बाजू आपणांस बहुधा जिंकलेल्याच्या कागदांतूनच वाचावी लागते. घर जळालें, वाळवी लागली किंवा वंश खुंटला कीं कागदही संपला. शिवाय घरांत राहिलेला कागद दाखवावा किंवा लपवावा हें घरच्यांच्या मर्जीवर. एकाच तंट्याचे दोन परस्परविरुद्ध महजर निघतात आणि त्यांपैकीं खरा कोणता हें ठरवितांना संशोधकाचा कस लागतो, त्याचें मूळ येथें आहे.

इंग्रजी अंमलांत हा क्रम उलटला. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनें मुंबई इलाख्यांतील अदालतींस नियमबद्ध रूप दिलें. फिर्याद, कैफियत, जबान्या, दाखल झालेले कागद व हुकूम यांचें एक प्रकरण बनून तें कचेरींत राहूं लागलें. कागद सुरक्षित झाला. पण तो लोकांच्या डोळ्यांआडही गेला. दप्तर सरकारच्या ताब्यांत आणि अभ्यासक दाराबाहेर ही स्थिति काय अनर्थ करते हें पुण्याच्या पेशवे दप्तरानें दाखविलें आहे. तें दप्तर दीर्घ काळ संशोधकांस मोकळें नव्हतें. पुढें रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० पासून त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले, तेव्हां पेशवाईच्या इतिहासाचा पायाच नव्यानें घालावा लागला. दरम्यान ज्या पिढ्यांनीं त्यावांचून लिहिलें त्यांचें नुकसान भरून निघणारें नव्हतें.

आतां महाडचा दावा पाहूं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादि अस्पृश्यवर्गास मोकळे असावेत असा त्याचा आशय होता. महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केल्याचा ठरावही केला. पण व्यवहारांत पाणी कोणास भरतां येईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं परिषदेस आलेल्या लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतलें. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा, तोंच महाडच्या कांहीं रहिवाशांनीं दिवाणी न्यायालयांत दावा लाविला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तळें स्पृश्यांच्या मालकीचें आहे आणि इतरांनीं तेथें न येण्याची वहिवाट अनादि आहे, असें वादींचें म्हणणें. दावा खालच्या न्यायालयांतून ठाण्याच्या अपिलांत व तेथून मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेला. १७ मार्च १९३७ रोजीं न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनीं वादींचें अपील फेटाळिलें. वादींस आपली मालकी शाबीत करतां आली नव्हती. आणि ज्या वहिवाटीवर ते उभे होते ती अनादि असल्याचेंही शाबीत झालें नाहीं.

संशोधकानें या निकालांतून घ्यावयाचा बोध असा कीं, अनादि वहिवाट हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि न्यायालयानें तो पुराव्याच्या कसोटीवर घांसला. ‘पूर्वापार चालत आलें’ हे शब्द उच्चारल्यानें वहिवाट पूर्वापार ठरत नाहीं. हें कारणांसह लिहिलेलें निकालपत्र कायद्याच्या वृत्तसंग्रहांत छापलें गेलें, म्हणून आज कोणासही पडताळून पाहतां येतें. तें केवळ जिंकणाऱ्याच्या पेटींत राहिलें असतें, तर दहा वर्षांच्या त्या झगड्याच्या जागीं आज दोन दंतकथा उरल्या असत्या.

सध्यांची व्यवस्था पुढीलप्रमाणें आहे. ई-कोर्ट्स या नांवाची योजना २००७ सालापासून चालूं आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्यास २०२३ सालीं ७,२१० कोटि रुपयांची मंजुरी मिळाली. जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो : प्रथम राज्य, जिल्हा व न्यायालय यांचीं चिन्हें, मग प्रकरणाचा अनुक्रम आणि शेवटीं साल. हा क्रमांक किंवा पक्षकाराचें नांव घातलें कीं प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, पुढील तारीख कोणती, हुकूम काय झाला, हें संगणकावर दिसतें. कापडे येथील शेतकऱ्यास आपल्या दाव्याची तारीख समजण्यासाठीं पूर्वीं घाट-रस्त्यानें खालीं उतरून कचेरींत कारकुनास विचारावें लागे. आतां तें काम घरबसल्या होतें. २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक माहिती-जाळें लोकांस खुलें आहे. त्यांत कोणत्या न्यायालयांत किती प्रकरणें किती वर्षें तुंबलीं आहेत हें पाहतां येतें. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा संग्रह २ जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळतो, आणि २०१९ पासून निवडक निकालांचीं मराठी भाषांतरेंही प्रसिद्ध होतात. महजर लोकांच्या भाषेंत असे. त्या दृष्टीनें हें शेवटचें पाऊल लहान असलें तरी योग्य दिशेचें आहे.

कायद्याचें तत्त्वही यास अनुकूल आहे. नरेश श्रीधर मिरजकर यांच्या प्रकरणांत १९६६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उघड सुनावणी हा नियम व गुप्तता हा अपवाद असें मानलें. मात्र न्यायासाठींच अवश्य असेल तेथें प्रसिद्धि रोखण्याचा न्यायालयाचा अधिकारही मान्य केला. हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयांतूनच निघाला होता. २०१८ सालीं स्वप्निल त्रिपाठी यांच्या अर्जावर सुनावणीच्या थेट प्रक्षेपणास मान्यता मिळाली, व २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचें कामकाज घरबसल्या पाहतां येऊं लागलें. उलटपक्षीं, ४ मार्च २०२० च्या गुजरात उच्च न्यायालयासंबंधींच्या निकालानें असें ठरविलें कीं, प्रकरणांतील कागदांच्या नकला माहितीच्या अधिकाराखालीं न मागतां न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणें मागाव्या. तिऱ्हाइतास म्हणूनच अर्ज करून व कारण दाखवून नक्कल मिळवावी लागते. कारण सांगणें संशोधकास अवघड नाहीं. परंतु अर्ज करावयाचा तो कोणत्या प्रकरणासाठीं, हें ठाऊक असावें लागतें.

येथें मुख्य अडचण येते. संगणकावर दिसतो तो मुख्यत्वें हुकूम व निकाल. निकाल म्हणजे प्रकरण नव्हे. जबान्या, नकाशे, पंचनामे आणि पक्षकारांनीं दाखल केलेले जुने मोडी कागद हें खरें साधन आहे, आणि तें बस्त्यांत असतें. दाखल केलेला अस्सल कागद दावा संपल्यावर अर्ज करून परत घेतां येतो. पण कित्येक घराण्यांनीं तो परत नेला नाहीं. दुसरीकडे, १९१७ च्या दप्तर नष्ट करण्याच्या कायद्यान्वयें न्यायालयांस ठराविक मुदतीनंतर निरुपयोगी कागद काढून टाकण्याचा अधिकार आहे. जागेच्या दृष्टीनें हें अपरिहार्य आहे. पण न्यायालयास निरुपयोगी तें इतिहासास निरुपयोगी असतेंच असें नाहीं. वारसाहक्काच्या दाव्यांत जोडलेली वंशावळ निकालानंतर न्यायालयास नको असते. आपणांस ती तेव्हांपासून हवी असते.

खुलेपणासही मर्यादा हवी. अत्याचार झालेल्या स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें कायद्यानें निषिद्ध आहे, आणि खाजगी जीवनाचा हक्क २०१७ सालीं मूलभूत म्हणून मान्य झाला. गांवच्या सभेंत उच्चारलेलें नांव गांवांत राहत असे. संगणकावर चढलेलें नांव सर्वत्र व सर्वकाळ राहतें. जिवंत माणसांच्या कौटुंबिक तंट्यांचे कागद आणि शंभर वर्षांपूर्वींचा शिवेचा दावा यांस एकच माप लावणें उचित नव्हे. काळ जितका मागें, तितकें दप्तर अधिक मोकळें, असा क्रम ठेविल्यास दोन्ही हेतु साधतात.

कागदास दुसरें भय निसर्गाचें. २२ जुलै २०२१ च्या पुरांत महाड शहर पाण्याखालीं गेलें. त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून मोठी मनुष्यहानि झाली. माणसें गेलीं तेथें कागदांचा शोक करणें शोभत नाहीं. परंतु एका ठिकाणीं एकच प्रत ठेवणें या मुलखांत किती धोक्याचें आहे हें त्या दिवसानें शिकविलें.

यावरून संग्राहक बंधूंस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. आपल्या जवळच्या महजरांचीं व निवाडपत्रांचीं छायाचित्रें घेऊन, पक्षकार, गांव व तिथि यांची यादी मंडळाकडे द्यावी. कागद कोठून व कोणाकडून आला हें त्यावरच टिपून ठेवावें. तीस वर्षांपलीकडील कागद योग्य ताब्यांतून आला असेल तर कायदाही त्याच्या खरेपणाविषयीं अनुकूल गृहीत धरूं शकतो, आणि ताब्याची हकीकत हरवली कीं हें बळ जातें. तिसरें असें कीं, संशोधन मंडळांनीं जिल्हा न्यायालयांकडे एकत्र अर्ज करून, जुन्या प्रकरणांतील दाखल कागदांची यादी नष्ट करण्यापूर्वीं प्रसिद्ध व्हावी आणि ऐतिहासिक कागद अभिलेखागाराकडे जावेत, असें मागावें. कागद गेल्यावर यादी छापून उपयोग नाहीं. म्हणून हें काम बस्ते जाग्यावर आहेत तोंच व्हावें.