कोटेशनचा आकडा म्हणजे खर्च नव्हे!



अलीकडे आपल्या शिवारात हातात मोबाईल आणि पिशवीत सेन्सर घेतलेली मंडळी फिरू लागली आहेत. जमिनीतला ओलावा घरबसल्या कळेल, मोटर मोबाईलवर चालू-बंद होईल, व्हॉल्व्ह आपोआप उघडेल, असे ती सांगतात. त्यात खोटे काही नाही. रात्रीच्या विजेवर दारे धरायला गेलेल्या माणसाला या सोयीचे मोल आम्ही काय सांगावे?

आमचे म्हणणे आहे ते पैशाबद्दल. उपसा सोसायट्या अशी यंत्रणा कर्ज काढून घेणार आणि हप्ता तुमच्या ऊस बिलातून कपात होणार. तेव्हा सही करण्याआधी हिशेब मांडलेला बरा. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही.

समजा, १०० एकरांच्या सोसायटीला ३ लाखांचे कोटेशन आले. सगळे म्हणतात, पाच वर्षे चालले तर एकराला वर्षाला ६०० रुपये, म्हणजे काहीच नाही! आता मसाला मोजू. १८ टक्के कर धरला तर ५४ हजार. खांब, चर खोदाई, अर्थिंग, विजेपासून बचाव यांना ४० हजार. जादा सेन्सर हाताशी हवेत, त्याचे ३० हजार. पहिल्याच दिवशी आकडा ४ लाख २४ हजारांवर गेला.

पुढे दरवर्षीचे आहेच. सिमकार्ड आणि सॉफ्टवेअरचे भाडे २४ हजार, देखरेख करणाऱ्या पोराचे मानधन महिना दोन हजारांप्रमाणे २४ हजार, बॅटरी-दुरुस्ती १२ हजार. वर्षाचे ६० हजार, पाच वर्षांचे ३ लाख. अडीअडचणीला ७६ हजार राखून ठेवा. एकूण झाले ८ लाख. म्हणजे एकराला वर्षाला ६०० नव्हे, १,६०० रुपये, आणि कर्जाचे व्याज त्याहून वेगळे. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या कोटेशनप्रमाणे ते बदला, पण एकही ओळ गाळू नका.

मग यंत्र घेऊच नये का? तसे मुळीच नाही. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती उरते ते धरले, तर यंत्राने एकराला वर्षाकाठी साधारण पाऊण टन ऊस वाढवला किंवा तेवढ्या किमतीची वीज, खत, मजुरी वाचवली, तर खर्च भागला. पाणी देण्यात आज जिथे गोंधळ आहे, तिथे हे अवघड नाही. जिथे ठिबक नीट चालते आणि पाळीही वेळेवर मिळते, तिथे मात्र दोनदा विचार करावा.

हे दुखणे केवळ आपले नाही. सिस्को या अमेरिकन कंपनीने २०१७ साली अमेरिका, ब्रिटन आणि भारतातील १,८४५ व्यावसायिकांकडे चौकशी केली. अशा योजनांपैकी ६० टक्के चाचणीच्या पायरीवरच अडतात असे दिसले. आपल्याला पुरते यश आले असे म्हणणाऱ्या कंपन्या अवघ्या २६ टक्के निघाल्या. मोठमोठ्यांचे हे हाल, तर आपण सावध राहण्यात कमीपणा कसला?

म्हणून आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, आधी चार-पाच एकरांवर चाचणी घ्या, आणि ती पुऱ्या पिकाची घ्या. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. उन्हाळ्यात तीन महिने चाललेले यंत्र पावसाळ्यात, उंदराच्या दातापुढे, तोडणी टोळीच्या कोयत्यापुढे आणि पाचटाच्या आगीपुढे टिकते का, ते बघा. ऊस डोक्यावर गेला की पानांच्या दाटीत सिग्नल क्षीण होतो, हेही तेव्हाच कळते.

दुसरी, यंत्र कोणत्या नेटवर्कवर चालते ते विचारा. २०२० च्या सुमारास एका मोठ्या मोबाईल कंपनीने थ्रीजी बंद केले. त्या सेवेवरच अवलंबून असलेले यंत्र तेव्हा धडधाकट असूनही मुके झाले.

तिसरी, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल आणि वॉरंटीनंतर दर काय, हे कागदावर घ्या. तोंडी शब्द मोटरसायकलबरोबर निघून जातो.

चौथी, सगळे पैसे एकदम देऊ नका. काही रक्कम एक हंगाम नीट चालल्यावरच द्यायची, असे करारात घाला.

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो आणि वैरणीचाही हिशेब करतो. या नव्या बैलालाही वैरण लागतेच! ती आधी मोजा, मग खुशाल दावणीला बांधा. कोटेशन हाती आले असेल तर पुढच्या गट बैठकीत घेऊन या. सगळे मिळून वाचू.