बोक्याचा विमा काढावा का? कॅल्क्युलेटर घेऊन बसू या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना पन्नास वेळा आलेलं 'ॲक्च्युअली' गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता, "मांजराचा विमा काढला तर पैसे वसूल होतात का?" मी विमा एजंट नाही, डॉक्टरही नाही. साधा कोड लिहिणारा माणूस आहे आणि घरी एक बोका आहे. पण या प्रश्नाचं उत्तर मी जरा महागात शिकलोय, म्हणून आज त्यावर बोलू.

०१:४० – त्या शनिवारची गोष्ट

आमचा बंड्या. देशी, नसबंदी झालेला, तेव्हा चार वर्षांचा. एका शुक्रवारी रात्री तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, जोर लावायचा, काहीच न करता बाहेर यायचा. मला वाटलं बद्धकोष्ठ. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, चमचाभर तूप दे, होईल मोकळा." दिलं. शनिवारी रात्री तो कोपऱ्यात ओरडत पडला, तेव्हा त्याला बास्केटमध्ये घालून रात्रभर उघड्या असणाऱ्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि एका मिनिटात सांगितलं, "लघवी अडकलीये. सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं."

हे नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या भागातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कदाचित हीच आहे. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खडे किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. हातात एक-दोन दिवस असतात, कधी त्याहून कमी. बोका वारंवार शूला बसतोय आणि थेंबही येत नाहीये, तर तूप नाही, घरगुती उपाय नाही, थेट डॉक्टर. आणि माणसाची पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

तर, काउंटरवर अंदाज मिळाला: कॅथेटर, सलाईन, रक्ततपासणी, सोनोग्राफी, तीन दिवस ॲडमिट, मिळून पंचवीस ते तीस हजार. मी बँकेचं ॲप उघडलं. एसआयपी गेलेली, सोमवारी घरभाडं द्यायचं, खात्यात एकोणीस हजार. आणि मी डॉक्टरांना विचारलं, "तीन दिवसांऐवजी दोनच दिवस ठेवलं तर चालेल का?"

चांगला पगार असलेला माणूस हा प्रश्न विचारत होता. त्यांनी धोका समजावून सांगितला, तरी मी दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. बिल २१,४०० रुपये. नवव्या दिवशी लघवी पुन्हा अडकली. दुसरं बिल १७,८००. तिसरा दिवस ठेवलं असतं तर हे टळलं असतं का? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही, काही बोक्यांमध्ये तसंही परत होतं." बंड्या आज ठणठणीत आहे. पण तो प्रश्न मी वैद्यकीय कारणाने विचारला नव्हता, हे मला माहीत आहे.

०५:२० – विमा नक्की कशाचा?

गावाकडे काकांच्या गाईचा विमा होता. गाईच्या कानात बिल्ला. गाय गेली तर त्या बिल्ल्यावरून ओळख पटवून पैसे मिळायचे, बिल्ला नसेल तर दावा नाही. ते गणित सरळ आहे. गाईला बाजारात किंमत आहे, ती गेली की उत्पन्न गेलं, ते नुकसान भरून द्यायचं.

पार्किंगमध्ये सापडलेल्या बंड्याची बाजारातली किंमत शून्य. त्यामुळे मांजराच्या विम्यात आपल्या कामाचा भाग एकच, उपचाराचा खर्च. मृत्यूनंतर मिळणारी रक्कम, हरवल्यावर जाहिरातीचा खर्च वगैरे गोष्टी माहितीपत्रकात छान दिसतात, पण त्यासाठी हप्ता भरू नका.

०६:४५ – आता गणित

समजा वर्षाचा हप्ता जीएसटीसकट ४,५०० रुपये आणि संरक्षण ५०,००० चं. समजा २० टक्के खर्च तुमच्या खिशातून जाणार. म्हणजे ३०,००० च्या बिलावर कंपनी देणार २४,०००. आता २४,००० भागिले ४,५००, उत्तर साधारण ५.३. म्हणजे मांजर दर सव्वापाच वर्षांनी एकदा इतकं गंभीर आजारी पडलं तर तुमची बरोबरी होणार. घरात राहणारं, लसी झालेलं तरुण मांजर सहसा इतक्या वेळा ॲडमिट होत नाही.

आणि ते बरोबरच आहे. कंपनीला पगार द्यायचेत, ऑफिस चालवायचंय. त्यामुळे सरासरी ग्राहक विम्यात तोट्यातच जातो, जायलाच हवा. गाडीच्या विम्यातही तसंच असतं. म्हणून "पैसे वसूल होतील का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांसाठी 'नाही' असंच येणार. मग वेगळा प्रश्न विचारा: असं कुठलं बिल आहे, जे समोर आल्यावर मी उपचाराला 'नको' म्हणेन?

तुमच्यासाठी तो आकडा दोन लाख असेल तर विम्याची फारशी गरज नाही. पंधरा हजार असेल तर आजच काहीतरी करायला हवं.

०८:३० – बारीक अक्षरं

मांजरांसाठी आपल्याकडे पॉलिसी मोजक्याच आहेत, बराचसा बाजार कुत्र्यांचा. कुठलीही घ्या, या पाच ओळी शोधून वाचा.

एक, प्रतीक्षा काळ. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस किंवा आठवडे आजारांना संरक्षण नसतं.

दोन, आधीपासूनचे आजार. बंड्या बरा झाल्यावर मी पॉलिसी शोधायला गेलो. लघवीच्या त्रासाला संरक्षण मिळणार नव्हतं, आणि मला तर तेच हवं होतं! विमा गरज नसताना घ्यायचा असतो, गरज दिसली की दार बंद.

तीन, काय वगळलंय. लस, नसबंदी, जंताचं औषध, दातांची सफाई हे नेहमीचे खर्च बहुतेक वेळा बाहेर असतात. लस न देता लसीने टळणारा आजार झाला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. पर्शियन मांजरांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार अनुवंशाने येतो; अशा जन्मजात आजारांबद्दल काय लिहिलंय ते बघा.

चार, वयाची वरची मर्यादा. मला सगळ्यात खटकलेला मुद्दा हा. मूत्रपिंड हळूहळू निकामी होण्याचा आजार म्हाताऱ्या मांजरांमध्ये फार आढळतो, आणि त्याला महिनोन्‌महिने खर्च लागतो. नेमकं त्याच वयात अनेक पॉलिसी संपतात.

पाच, पैसे कधी मिळतात. बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही भरायचे, मग बिलं, रिपोर्ट, लसीकरण कार्ड जोडून दावा करायचा. म्हणजे त्या शनिवारी रात्री माझ्याकडे पॉलिसी असती, तरीही काउंटरवर पैसे मलाच भरावे लागले असते. विमा असो वा नसो, थोडी रोकड बाजूला लागतेच.

१०:५० – मग फंड?

दर महिन्याला १,००० रुपयांची आरडी लावली तर तीन वर्षांत ३६,००० आणि वर व्याज. मांजर आजारी पडलं नाही तर पैसे तुमचेच. वयाची अट नाही, वगळलेले आजार नाहीत, फॉर्म नाही. अडचण एकच: तिसऱ्याच महिन्यात संकट आलं तर हातात तीन हजार.

थोडक्यात, फंड सुरुवातीला अशक्त आणि नंतर भक्कम. विमा सुरुवातीला उपयोगी आणि मांजर म्हातारं होता होता निकामी. दोघांचे आलेख एकमेकांना छेदतात. म्हणून दोन-तीन वर्षं दोन्ही चालवा, फंड तुमच्या 'नको' म्हणण्याच्या आकड्यापर्यंत पोहोचला की विमा सोडा. एकदम तीस-चाळीस हजार बाजूला काढता येत असतील, तर विम्याशिवाय आजच फंड करा.

आणि दोन्हीच्या आधी बाल्कनीला जाळी लावा. न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. लोक हे वाचून म्हणतात, "मांजर काय, पायावरच पडतं!" पण जी जागीच गेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, म्हणजे या आकड्यात ती नाहीत. आणि जी वाचली त्यांच्यात छातीला मार, तुटलेले जबडे आणि पाय भरपूर होते. जाळीला खर्च एकदाच.

१३:०५ – जाता जाता

माझ्या बहिणीने नाशिकला नुकतंच एक पिल्लू आणलंय, चिंगी, तीन महिन्यांची. ताईने विचारलं, "विमा काढू की नको? एका शब्दात सांग." मी म्हटलं, "ताई, आधी तिच्या लसी पूर्ण कर. मग आरडी चालू कर. आणि ती आज ठणठणीत आहे, तोवरच दोन-तीन वर्षांपुरती पॉलिसी बघ, कारण तुझा हात सध्या तंग आहे." एका शब्दात नाही जमलं.

बंड्यासाठी मी पॉलिसी घेतली नाही. वेगळं बचत खातं आहे, नावच 'बंड्या' ठेवलंय, महिन्याला १,५०० जातात. त्यात आता चाळीस हजारांच्या वर जमलेत. ते वापरायची वेळ न येवो. पण आली, तर डॉक्टर म्हणतील तितके दिवस तो तिथे राहील.

तुमचा 'नको' म्हणण्याचा आकडा आज रात्री एका कागदावर लिहा, आणि खात्यातल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, तुमची आणि तुमच्या मनीची!