बोलीचा अडसर की स्वमग्नता?

‘परमुलखात आलंय, बुजलंय, राहील तसं बोलेल.’ कामासाठी गाव सोडलेल्या घरातील न बोलणाऱ्या मुलाविषयी हे वाक्य आपण ऐकतोच. पुष्कळदा ते खरेही असते. पण कधी कधी ते महागात पडते, म्हणून आज आम्ही त्याचा विचार करणार आहोत.

आपल्या तालुक्याचेच पाहा. भात निघाला की हरसूलकडील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. गिरणाऱ्याला तर मजुरांचा बाजारच भरतो. घरात कोकणा किंवा वारली बोली, बागेवर मराठी. मूल दोन वर्षांचे होऊनही गप्प राहिले, तर दोष बोलीवर ढकलणे सोपे असते. त्याच आडोशाला स्वमग्नता दडून राहते.

मग भेद ओळखावा कसा? ज्याला केवळ भाषा परकी आहे, ते मूल बोट दाखवून मागते. ट्रॅक्टर दिसला की आईने तो पाहिला का, म्हणून वळून पाहते. शब्दांवाचून त्याचा व्यवहार चालू असतो. स्वमग्न मुलात बहुधा हाच व्यवहार उणा असतो. दीड वर्ष उलटले तरी ते बोट दाखवीत नाही, नावाने हाक मारली तरी पाहत नाही, गाडीचे एकच चाक फिरवीत बसते. आणि घरच्या बोलीतही तसेच. दोन भाषा कानी पडल्याने स्वमग्नता होत नाही. आईच्या कोरडेपणाने ती होते, असे एके काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत. किती आया त्या शब्दांनी पोळल्या असतील!

परदेशातही हाच पेच आहे. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात सोमालियातून आलेल्या कुटुंबांची पाहणी झाली. २०१३ साली निष्कर्ष आला: सोमाली मुलांत सुमारे ३२ मध्ये एक स्वमग्न, गोऱ्या मुलांत ३६ मध्ये एक, म्हणजे जवळजवळ सारखेच. मात्र बुद्धिमापनाची नोंद असलेल्या सर्व सोमाली स्वमग्न मुलांत बौद्धिक अक्षमताही होती. सौम्य लक्षणांची मुले नजरेतून निसटली असावीत, असा आमचा तर्क आहे.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासावीत, अशी योजना आहे. पथक हरसूलला आणि मूल निफाडला, अशी चुकामूक झाली की शिकवणीला सर्वांत उपयोगी असे महिने हातचे जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, दाखलाही मिळतो. पण तपासणीच झाली नाही तर दाखला कोठला? तेव्हा पटावर नाव कोणत्याही गावचे असो, बागेच्या गावातील सेविकेने त्या मुलाला तपासणीस बसवावे, आणि आईला चार प्रश्न तिच्या बोलीत विचारील अशी बाई सोबत घ्यावी.