मोजण्याची मोकळीक

३० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली लोखंडी गोळी सुमारे २४७ मिलिसेकंदांत, म्हणजे जेमतेम पाव सेकंदात खाली पोहोचते. स्टॉपवॉचचं बटण दाबायला आपल्या बोटालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून गोळी पाडून गुरुत्वत्वरण काढण्याऐवजी शाळा-कॉलेजात लंबक टांगला जातो. त्याची बरीच आंदोलनं एकत्र मोजली, की बोटाची चूक विभागली जाते. विद्यार्थ्याने निसर्गाला कोणता प्रश्न विचारायचा, हे असं पुष्कळदा हाताशी असलेलं उपकरण ठरवतं. पाठ्यपुस्तकं कशी असावीत यावर आपल्याकडे हिरिरीने चर्चा होते. प्रयोगशाळेतलं उपकरण कसं असावं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

या प्रश्नाचं एक भरीव उत्तर भारतातच तयार झालं. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर हे पुण्याच्या आयुकाप्रमाणेच विद्यापीठ अनुदान आयोगाने उभारलेलं आंतर-विद्यापीठीय केंद्र. देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक तिथल्या पेलेट्रॉन त्वरकावर प्रयोग करायला येतात. अशा यंत्रात असंख्य ठिकाणचे विद्युतदाब सतत मोजावे लागतात आणि संगणकाकडून नियंत्रित करावे लागतात. या कामात मुरलेले शास्त्रज्ञ अजित कुमार बी. पी. यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये तिथे ‘फीनिक्स’ प्रकल्प सुरू झाला. घरगुती साधनं आणि कल्पक प्रयोग यांतून भौतिकशास्त्र शिकवायचं, हा त्याचा हेतू होता. स्वस्त उपकरणं तयार करणं आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणं ही दोन कामं त्याने पहिल्यापासून जोडीने चालवली.

फीनिक्सचं सुरुवातीचं उपकरण संगणकाच्या पॅरलल पोर्टला जोडायचं. ते पोर्ट नव्या संगणकांतून नाहीसं होत गेलं, तेव्हा मायक्रोकंट्रोलरवर चालणारी आवृत्ती आली. पुढे यूएसबीवर चालणारं ‘एक्सपआइज’ तयार झालं, त्याची ‘ज्युनिअर’ आवृत्ती निघाली आणि २०१७ मध्ये जितिन बी. पी. यांच्या सहभागातून ‘एक्सपआइज-१७’ आलं. हातात मावणाऱ्या या पेटीत चार वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप, ५ हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंतचा तरंगजनक, हवे तसे बदलता येणारे विद्युतदाब, वारंवारतामापक आणि सूक्ष्म कालमापन एवढं सगळं आहे. वेगळा वीजपुरवठा लागत नाही, यूएसबीची वायर पुरते.

आता ती गोळी पुन्हा घ्या. लहानशा विद्युतचुंबकाने ती धरून ठेवायची. संगणकाने प्रवाह तोडला की ती सुटते आणि खालच्या पट्टीवर आदळली की घड्याळ थांबतं. वेळेत एक मिलिसेकंदाची चूक झाली, तर गुरुत्वत्वरणात ०.८ टक्के फरक पडतो. पण खरी गंमत पुढे आहे. प्रवाह तोडल्यावरही चुंबकत्व क्षणभर रेंगाळतं, त्यामुळे गोळी किंचित उशिरा सुटते आणि उत्तर थोडं कमी येतं. हे ओळखलेला विद्यार्थी वेगवेगळ्या उंचीवरून गोळी सोडतो आणि उंचीच्या वर्गमुळासमोर वेळेचा आलेख काढतो. रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरण मिळतं, आणि ती रेषा वेळेच्या अक्षाला जिथे छेदते, तिथे तो रेंगाळलेला उशीर वेगळा दिसतो. जर्नलमध्ये ‘प्रायोगिक त्रुटी’ असं लिहून मोकळं होण्याऐवजी त्रुटीचं कारण शोधून तिची किंमत काढणं, हेच प्रयोगशास्त्र.

असेच कितीतरी प्रयोग करता येतात. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबक खाली सोडला, की पडद्यावर एक टोक वर आणि एक खाली उमटतं. दुसरं टोक अधिक उंच आणि अधिक अरुंद असतं, कारण तोवर चुंबकाचा वेग वाढलेला असतो. दोन्ही टोकांखालचं क्षेत्रफळ मात्र सारखं भरतं. फॅराडेचा नियम असा डोळ्यांसमोर उभा राहतो. ३५०० हर्ट्झच्या बझरसमोर मायक्रोफोन जेमतेम ५ सेंटिमीटर सरकवला, की तरंग उलटा होतो आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढता येतो. उपकरणाला नुसती एक लांब वायर जोडून ठेवली, तरी भिंतीतल्या वीजवाहिन्यांची ५० हर्ट्झची लय पडद्यावर दिसते.

या उपकरणाचा आराखडा सर्नच्या खुल्या हार्डवेअर परवान्याखाली दिलेला आहे आणि पायथन भाषेतलं सॉफ्टवेअर जीएनयू जीपीएलखाली. फ्रान्समधले शिक्षक ज्यॉर्ज खझनादार यांच्या पुढाकाराने ते डेबियन लिनक्समध्येही समाविष्ट झालं. जितिन यांच्या रचनेचा आधार घेऊन फॉसएशिया या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेचं ‘पॉकेट सायन्स लॅब’ उभं राहिलं. मूळ आराखडा मोकळा असल्यामुळे हे काम एका संस्थेच्या भिंतीआड अडकलं नाही.

मात्र आराखडा प्रसिद्ध केला की उपकरण आपोआप लोकांपर्यंत पोहोचतं, हा समज भाबडा आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला सर्किटचं चित्र मिळालं, तरी नेमकी चिप मिळवणं, छापील बोर्ड करवून घेणं, बारीक घटकांचं सोल्डरिंग आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरणं या पायऱ्या उरतातच. यांतल्या एकाही पायरीवर अडलं, की ते चित्र फाइलमध्ये पडून राहतं. म्हणून तयार संच हवा. ॲक्सिलरेटर सेंटरने रचना मोकळी ठेवली आणि उत्पादकांनी संच बनवून विकावेत, असा मार्ग स्वीकारला. रचनेसाठी स्वामित्वशुल्क नसल्यामुळे किंमत आटोक्यात राहते. जे हाताने करण्यात शिक्षण नाही, ते तयार मिळतं. वेटोळं गुंडाळणं, लंबक टांगणं, गोळीसाठी स्टँड उभारणं हे विद्यार्थ्यासाठी राहतं. काय तयार द्यायचं आणि काय त्याच्या हातावर सोपवायचं, याची ही विभागणी मला या प्रकल्पातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

खुलेपणात मर्यादा सांगण्याचा प्रामाणिकपणाही येतो. हे उपकरण १२ बिटांचं आहे. उणे १६ ते अधिक १६ व्होल्टचा पल्ला ते ४०९६ पायऱ्यांत मोजतं, म्हणजे एक पायरी सुमारे ८ मिलिव्होल्टची. सेकंदाला फार तर दहा लाख नोंदी घेता येतात. मेगाहर्ट्झच्या घरातला तरंग नीट पाहण्यासाठी महागडा ऑसिलोस्कोपच हवा. पण पदवीच्या प्रयोगशाळेतल्या बहुतेक प्रयोगांना एवढी क्षमता पुरून उरते. शिवाय ही ८ मिलिव्होल्टची पायरी कुठून आली, हे विद्यार्थ्याला विचारता येतं, कारण आतली रचना त्याच्यापुढे उघडी आहे. बंद पेटीतून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो, उघड्या पेटीतला आकडा तपासता येतो.

तरीही संच कपाटात बंद राहू शकतो. प्रात्यक्षिक परीक्षेत ठरावीक प्रयोगाच्या ठरावीक उत्तराला गुण असतील, तर नवा प्रश्न विचारण्याची गरज ना विद्यार्थ्याला पडते, ना शिक्षकाला सवड मिळते. फीनिक्सने उपकरणाइतकंच शिक्षकाला महत्त्व दिलं, ते यासाठीच. आपल्या विद्यापीठांनी तीच दिशा धरावी. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षात निदान एक मोजमाप स्वतः ठरवून करावं, त्यातली त्रुटी शोधावी आणि त्या शोधाला परीक्षेत गुण मिळावेत. आणि कॉलेजच्या खरेदी समितीने कोटेशन मागवताना किंमत आणि हमी यांच्या जोडीला एक रकाना वाढवावा: या उपकरणाचा आराखडा आमच्या विद्यार्थ्यांना पाहायला, दुरुस्त करायला आणि बदलायला मिळेल का?