ओखामंडळातले कोवळे ऊन

द्वारकेस जावे ते पौषात. बडोद्यास पहाटे शाल लागते. तेथे समुद्राच्या शेजारामुळे थंडी सौम्य आणि ऊन कोवळे. यंदा शनिवार-रविवारची जोड साधून आम्ही उभयता रात्रीच्या गाडीने निघालो.

गोमतीत स्नान करून छप्पन पायऱ्या चढलो. पाच मजली जगत्‌मंदिरावर बावन्न गजी ध्वजा वाऱ्याशी झुंजत होती. दुसऱ्या दिवशी ओख्याचे बंदर पाहिले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९२६ साली, ते खुले झाले. तेथून बेटावर जाण्यास पूर्वी होडीच लागे. २०२४ पासून सुमारे सव्वादोन किलोमीटरांचा सुदर्शन सेतू आहे. मनात आले, आपल्या राज्याने केवढे काम केले!

दुपारी शिवराजपूरच्या स्वच्छ वाळूत बसलो असता एका वृद्ध वाघेर गृहस्थांनी विचारले, "बडोद्याचे का?" मग जोधा माणेक आणि मुळू माणेक यांच्या कथा ते रंगून सांगू लागले. १८५८-५९ च्या सुमारास वाघेरांनी गायकवाडी अंमलाविरुद्धच शस्त्र उपसले होते. इंग्रजी फौजेने १८५९ मध्ये बेट व द्वारका परत घेतली. आमच्या घरात ओखामंडळ म्हणजे ‘सरकारचा मुलूख’, एवढेच ठाऊक. बोलणे संपल्यावर गृहस्थांनी आग्रहाने चहा पाजला. स्वरात कडवटपणा नव्हता, अभिमान मात्र होता.

बडोदेकर मंडळींनी द्वारकेस अवश्य जावे. बंदर पाहून महाराजांचे स्मरण करावे. पण माणेकांची गोष्टही तेथल्याच माणसाच्या तोंडून ऐकावी. मुलूख आपला म्हणायचा, तर त्याची दुःखेही आपली म्हणावी लागतात.