घाबरायला आवडतं, यात काही बिघडलंय का?

भीतीसाठी मराठीत जेवढे वाक्प्रचार आहेत, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या भावनेसाठी असतील. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, बोबडी वळते, दातखीळ बसते. यातला जवळजवळ प्रत्येक शब्दप्रयोग शरीराचं वर्णन करतो, आणि ते वर्णन वैद्यकाच्या दृष्टीनेही बरंचसं अचूक आहे.

हे सगळं स्वतःच्या खुशीने, वर तिकीट काढून अनुभवणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पुण्याच्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) भयकथा लिहून वाचकांच्या काही पिढ्यांची झोप उडवली आणि त्याच वाचकांनी वाचनालयात जाऊन त्यांचं पुढचं पुस्तक मागितलं. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या रक्तरंजित इतिहासाला जोडलेली किंकाळीची कथा अडीचशे वर्षांनंतरही पुण्यात पाहुण्यांना हमखास सांगितली जाते. धारपांच्या ‘आजी’ या कथेचा धागा घेऊन राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला. त्यातल्या वाड्याचं चित्रीकरण आपल्या शेजारच्या सासवडला झालं होतं. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.

आता ओटीटीमुळे जगभरचे भयपट घरात आले आहेत. जपानचा ‘ऑडिशन’ किंवा फ्रान्सचा ‘मार्टर्स’ यांसारखे, पाहताना मान फिरवावीशी वाटणारे चित्रपटही त्यात आहेत. असलं काही आवडीने पाहणाऱ्याला घरचे विचारतात, ‘असलं काय बघतोस? रात्री झोप तरी कशी लागते?’ वरवर तो हसतो, पण आत कुठेतरी त्यालाही प्रश्न पडलेला असतो: दुसऱ्याच्या यातना पाहायला मला आवडतात, म्हणजे माझ्यात काही खोट आहे का?

शरीर आधी घाबरतं

पडद्यावर दार करकरलं की ती सूचना मेंदूतल्या अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागाकडे पोचते. धोक्याची दखल घेणं हे त्याचं एक मुख्य काम. ‘हा सिनेमा आहे’ हे मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाने समजावून सांगेपर्यंत सिम्पथेटिक मज्जासंस्था कामाला लागलेली असते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवतं. हृदयाची धडधड वाढते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी लागणारं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून त्वचा गार पडते. पचनाचं काम मंदावतं, तोच पोटातला गोळा. लाळ कमी होते, तीच घशाची कोरड. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आकुंचन पावतात, तोच अंगावरचा काटा.

आपल्या परंपरेत हे निरीक्षण फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागीच थिजणं, घाम, काटा, आवाज बदलणं, कंप, रंग उडणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. स्वायत्त मज्जासंस्थेच्या धड्यात यातली बहुतेक लक्षणं आज सापडतील.

भीतीने ‘रक्त गोठतं’ का, हेही संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. नेदरलँड्समधल्या लायडन येथील संशोधकांनी २४ निरोगी तरुण स्वयंसेवकांना दोन चित्रपट दाखवले. एक ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि दुसरा शॅम्पेनवरचा शांत माहितीपट. प्रत्येक चित्रपटाच्या आधी आणि नंतर रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त गोठवण्याच्या प्रक्रियेतला ‘फॅक्टर आठ’ हा घटक वाढलेला दिसला. प्रत्यक्ष गुठळी तयार होत असल्याची चिन्हं मात्र दिसली नाहीत. हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या २०१५ च्या नाताळ अंकात आला होता. जखम होण्याची शक्यता दिसताच रक्तस्राव थांबवण्याची तयारी करून ठेवायची, असा शरीराचा हिशेब यामागे असावा.

रक्त किंवा चिरफाड पाहून काहींना भोवळ येते, त्याची वाट वेगळी आहे. त्यांच्यात आधी नाडी वाढते आणि मग अचानक नाडी व रक्तदाब दोन्ही खाली येतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. हा भित्रेपणा नव्हे, ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. अशा लोकांसाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी एक साधा उपाय विकसित केला: हात, पाय आणि धड यांचे स्नायू १०–१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडायचे, २०–३० सेकंद थांबायचं आणि असं पाच वेळा करायचं. त्याने रक्तदाब टिकून राहायला मदत होते. भोवळ आलीच तर आडवं व्हावं, हे उत्तम.

मग मजा कसली?

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी भयपटांच्या आवडीची सांगड मिरचीच्या आवडीशी घातली. मिसळीच्या तर्रीने डोळ्यांत पाणी येतं, नाक वाहतं, जीभ ‘जळतंय’ म्हणून सांगते, तरी आपण आणखी रस्सा मागतो. कारण खरोखर काही भाजत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. शरीर धोक्याची घंटा वाजवतंय आणि मन मात्र निवांत आहे, या विसंगतीत एक सुख असतं. रोझिन यांनी त्याला निरुपद्रवी आत्मपीडन म्हटलं.

डेन्मार्कमधल्या एका भयघरात, म्हणजे आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्याच्या थोरल्या भावात, ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून सोडण्यात आलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या ‘यू’सारखा निघाला. भीती फार कमी असेल तर कंटाळा, फार जास्त झाली तर त्रास. मजा मधल्या टप्प्यात. हा मधला टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. मित्राला जे मिळमिळीत वाटतं, तेच तुम्हाला असह्य होऊ शकतं, आणि त्यात कुणाचं काही चुकत नाही.

पण अंतर नाहीसं झालं की मजाही संपते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कत्तलखान्यातली आणि शस्त्रक्रियेची खरी दृश्यं दाखवली आणि नको वाटेल तेव्हा चित्रफीत बंद करायची मुभा दिली. बहुतेकांनी ती शेवटपर्यंत पाहिली नाही. चित्रपटात याहून भयंकर दृश्यं लोक पैसे देऊन पाहतात, कारण ते खोटं आहे हे त्यांना माहीत असतं.

नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स या दोघांनाही रसांच्या पंगतीत बसवलं. भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव. त्यावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातल्या बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरणाचं उदाहरण घेतलं. प्रेक्षकाला जाणवणारी ती भीती ‘माझी’ नसते आणि कुणा ‘दुसऱ्याची’ही नसते, म्हणूनच तिचा आस्वाद घेता येतो, असं त्याचं म्हणणं. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटला असेल तर रसास्वादात विघ्न येतं, हेही त्याने नोंदवलं. आजच्या समुपदेशकालाही हा मुद्दा पटेल.

चाहता निर्दय असतो का?

कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भयपटांच्या चाहत्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्याला थरार हवा असतो. दुसरा खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसतो. त्याला भीती विशेष आवडत नाही, पण चित्रपट संपल्यावर ‘मी निभावलं’ असं वाटतं आणि स्वतःबद्दल काही कळतं. तिसरा आपल्या आयुष्यातल्या चिंता हाताळायला भयकथेचा आधार घेतो. ज्याच्या डोक्यात दिवसभर अमूर्त काळजी घोळते, त्याला निदान दोन तास एक ठोस, शेवट असलेली भीती मिळते.

याच संशोधकांनी कोरोनाच्या पहिल्या काळात ३१० जणांची पाहणी केली. भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेने कमी नोंदवला. यावरून भयपट पाहिल्याने माणूस खंबीर होतो असा निष्कर्ष काढता येणार नाही. मुळात खंबीर असलेलीच माणसं भयपट पाहत असतील. पण चाहत्यांना सहानुभूती कमी असते, ही समजूतही स्क्रिव्हनर यांच्या नंतरच्या अभ्यासात टिकली नाही. खरं तर सहानुभूतीशिवाय भयकथा चालतच नाही. पात्राच्या जिवाची काळजी वाटली नाही, तर जिन्यावरच्या पावलांचा आवाज हा नुसता आवाज उरतो.

कुठे थांबायचं?

याचा अर्थ सगळं सगळ्यांना चालतं, असा नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे दीडशे विद्यार्थ्यांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक दृश्यांबद्दल विचारलं गेलं. जवळपास ९० टक्के जणांना असा एखादा अनुभव आठवला आणि सुमारे पाव जणांना त्याची धास्ती मोठेपणीही जाणवत होती. लहान मूल दिसण्याला घाबरतं. विद्रूप चेहरा पुरेसा असतो. ‘ते खोटं आहे गं’ हे समजावणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, जवळ घेणं पोचतं. म्हणून मोठ्यांच्या चित्रपटाला ‘त्याला काय कळतंय’ म्हणत मुलाला सोबत नेणं टाळावं.

ज्यांनी अपघात, हिंसा, अत्याचार किंवा जवळच्या माणसाचा भयंकर मृत्यू अनुभवला आहे, त्यांच्यासाठी अभिनवगुप्ताने सांगितलेलं विघ्न खरंखुरं असतं. पडद्यावरचं दृश्य ‘माझं’ होतं आणि जुनी जखम उघडी पडते. अशा व्यक्तीला ‘एकदा बघून टाक, भीती जाईल’ असा आग्रह करू नये. भीती कमी करण्यासाठी तिला सामोरं जाण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि पायरीपायरीने होतात.

आणखी एक फरक महत्त्वाचा. मोबाइलवर येणाऱ्या खऱ्या अपघातांच्या, मारहाणीच्या, खुनाच्या चित्रफिती हा भयपट नव्हे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर झालेल्या मोठ्या पाहणीत असं दिसलं, की त्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्या घटनेच्या बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांनी, घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला. तिथे ‘हे खोटं आहे’ असं सांगणारं कवच नसतं. शिवाय समोर खरा माणूस मरत असतो, ज्याची संमती कुणी विचारलेली नसते. असली चित्रफीत आली तर पुढे पाठवू नये.

भयपटाच्या चाहत्यांसाठी काही साध्या गोष्टी: झोपायच्या तोंडावर पाहू नका, शरीराला शांत व्हायला वेळ लागतो. कल्पना नकोशी होईल अशी एखादी गोष्ट आपल्या आयुष्यात असेल, तर चित्रपटात ती आहे का हे आधी विचारून घ्या. जास्तीत जास्त भयानक काय सोसता येतं याची मित्रांशी पैज लावू नका. मजेचा आलेख एका टोकानंतर खालीच येतो. एखादं दृश्य काही आठवडे मनातून जात नसेल, झोप, काम किंवा एकटं राहणं अवघड होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि सोबतचा कुणी अर्ध्यातून उठून बाहेर गेला, तर त्याच्यावर हसू नका. त्याने स्वतःची मर्यादा वेळेवर ओळखली आहे. पाच मिनिटांनी बाहेर जाऊन चहा घेणार का, एवढं विचारलं तरी पुरे.