सेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यास आणि वैयक्तिक मार्गदर्शन

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात सेंद्रिय रसायनशास्त्र हा विषय अनेक विद्यार्थ्यांना कसोटीचा वाटतो. औषधे, रंगद्रव्ये, प्लॅस्टिक, कृत्रिम धागे, कीटकनाशके इत्यादींची निर्मिती याच शास्त्राच्या आधारे होते. आपल्या राज्यात तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. या विषयाची पक्की जाण असणाऱ्या तरुण-तरुणींना तेथे रोजगाराची संधी मिळू शकते. उलट, दुसऱ्या वर्षी हाच विषय राहिला म्हणून रसायनशास्त्राकडे कायमची पाठ फिरवणारे विद्यार्थीही असतात. शाळेचे शिक्षण मराठीतून झालेल्या आणि घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. म्हणूनच या विषयात वैयक्तिक मार्गदर्शन म्हणजे काय, ते का आवश्यक आहे आणि खाजगी शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्याने ते कसे मिळवावे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

विषय अवघड का वाटतो?

कार्बनची संयुजा चार आहे आणि कार्बनचे अणू परस्परांशी जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या व वलये तयार करतात. त्यामुळे सेंद्रिय संयुगांची संख्या अफाट आहे. ही सर्व संयुगे व त्यांच्या विक्रिया पाठ करू पाहणारा विद्यार्थी लवकरच थकतो. वस्तुतः या पसाऱ्यामागे मोजकीच तत्त्वे आहेत. इलेक्ट्रॉन कोठे अधिक आहेत, कोठे कमी आहेत आणि ते कोठून कोठे सरकतील, हे ओळखता आले की बहुतेक विक्रियांचा उलगडा होतो. इलेक्ट्रॉनांचे हे सरकणे दाखविण्यासाठी १९२२ मध्ये रॉबर्ट रॉबिन्सन व त्यांचे सहकारी यांनी वक्र बाणांचा वापर केला. ती पद्धत आज जगभर रूढ आहे. परंतु बाण काढणे हे सायकल चालविण्यासारखेच कौशल्य आहे. ते केवळ ऐकून येत नाही. कोणीतरी जवळ राहून चूक दाखवावी लागते.

चूक एक, कारणे दोन

एक साधे उदाहरण घेऊ. प्रोपीन या वायूवर हायड्रोजन ब्रोमाइडची विक्रिया झाल्यास कोणते संयुग मिळेल? योग्य उत्तर आहे २-ब्रोमोप्रोपेन. समजा, दोन विद्यार्थ्यांनी १-ब्रोमोप्रोपेन असे उत्तर लिहिले. परीक्षक दोघांनाही शून्य गुण देईल. मात्र जवळ बसून विचारणाऱ्या मार्गदर्शकास निराळेच चित्र दिसेल.

पहिल्या विद्यार्थ्याने बाण हायड्रोजनपासून काढलेला असतो. बाण नेहमी इलेक्ट्रॉन जेथे आहेत तेथून, म्हणजे येथे दुहेरी बंधापासून सुरू होतो, ही गोष्ट त्याला उमगलेली नसते. ते समजल्यावर पुढचा प्रश्न येतो : हायड्रोजन टोकाच्या कार्बनला जोडला गेला, तर धनभार कोणत्या कार्बनवर येईल? तो मधल्या कार्बनवर येतो आणि तेथे तो अधिक स्थिर असतो. म्हणून ब्रोमाइड आयन तेथेच जाऊन बसतो. मार्कोव्हनिकोव्ह यांनी १८६९ च्या सुमारास मांडलेल्या नियमाचे हेच स्पष्टीकरण होय.

दुसऱ्या विद्यार्थ्याला बाण नीट काढता येतात. पण पेरॉक्साइडच्या सान्निध्यात उलट परिणाम मिळतो, हे खराश व मेयो यांनी १९३३ मध्ये स्पष्ट केलेले तथ्य त्याने पाठ केलेले असते आणि प्रश्नात पेरॉक्साइडचा उल्लेखच नाही, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. पहिल्यास मूलभूत पाठ हवा, तर दुसऱ्यास परिस्थिती नीट वाचण्याची सवय हवी. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापक कितीही तळमळीने शिकवीत असले, तरी प्रत्येकाचे असे निदान करणे त्यांना शक्य होत नाही. वैयक्तिक मार्गदर्शनाचे खरे मोल या निदानात आहे.

शिकागो विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे प्रतिपादन केले की, वैयक्तिक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. नंतरच्या संशोधनात हा लाभ एवढा मोठा आढळला नाही. तथापि तो लक्षणीय आहे, याविषयी दुमत नाही.

मदत कोठे मिळेल?

प्रथम आधार आपल्या प्राध्यापकांचा. तासानंतर त्यांना भेटण्यास संकोच वाटू नये. मात्र “काहीच समजत नाही” असे सांगण्याऐवजी स्वतः सोडविलेले उदाहरण सोबत न्यावे व नेमके कोठे अडले तेथे खूण करावी. दहा मिनिटांत काम होते.

दुसरा आधार वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचा. तीन-चार जणांचा गट करून आठवड्यातून एक तास एखाद्या ताई-दादाकडे बसावे. शिकविणाऱ्यालाही विषय नव्याने उमगतो. महाविद्यालयांनी अशा गटांसाठी एखादी खोली व फळा उपलब्ध करून दिल्यास फारसा खर्च न येता मोठे काम होईल.

तिसरा आधार शासकीय शैक्षणिक साधनांचा. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर सेंद्रिय रसायनशास्त्राची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. पारिभाषिक शब्दांसाठी मराठी विश्वकोशाचा उपयोग होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना सुचविले. तेव्हा संकल्पना प्रथम मराठीतून समजून घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संगणकावरील प्रश्नोत्तरांची नवी साधनेही हाताशी आहेत. पण ती कधी कधी चुकीचे उत्तरही ठामपणे देतात. म्हणून त्यांचे प्रत्येक उत्तर पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे.

मार्गदर्शन घेण्याची रीत

चांगला मार्गदर्शक उत्तर सांगत नाही. तो प्रश्न विचारतो. विद्यार्थ्याने लेखणी स्वतःच्या हाती ठेवावी आणि प्रत्येक बाण काढताना तो का काढला, हे मोठ्याने सांगावे. सोडविलेले उदाहरण दोन दिवसांनी पुस्तक मिटून पुन्हा सोडवावे. ते जमले तरच समजले असे मानावे.

रेणूंची त्रिमितीय रचना कागदावर उमगत नसेल, तर कणकेचे गोळे आणि खराट्याच्या काड्या पुरेशा आहेत. दह्यातील लॅक्टिक आम्लात एका कार्बनला चार निरनिराळे गट जोडलेले असतात. चार प्रकारच्या धान्याचे दाणे टोचून त्याच्या दोन प्रतिकृती कराव्यात, एक दुसरीचे आरशातील प्रतिबिंब असेल अशी. त्या कशाही फिरविल्या तरी तंतोतंत जुळत नाहीत. व्हांट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये मांडलेला विचार अशा रीतीने स्वयंपाकघरातील साहित्यातून हाती येतो.

सेंद्रिय रसायनशास्त्र हे मोजक्या बुद्धिमंतांची मिरास नाही. वेळेवर विचारलेला प्रश्न आणि तो शांतपणे ऐकून घेणारे माणूस, एवढे लाभले तर खेड्यातून आलेला विद्यार्थीही या विषयात कोणाच्या मागे राहणार नाही. ज्यांना हा विषय उमगला आहे, त्यांनी आठवड्यातील एक तास दुसऱ्यासाठी राखून ठेवावा. एखाद्या विद्यार्थ्याचे शिक्षण अर्ध्यावर थांबू न देण्यास तेवढा वेळही पुरेसा ठरू शकतो.